उतारनिळीचा मारेकरी

१

"धाकट्या, खून झालाय," ताईने फोनवर एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

फौजदारांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण 'खून' हा शब्द कानावर पडला की त्यांचे पाय अजूनही आपोआप बुटांत शिरत. शिवाय ताई थट्टा करणाऱ्यातली नव्हती. तिची सगळी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेली होती आणि आईच्या मागे या धाकट्या भावाला वाढवण्यात. गाव तिला 'बाई' म्हणायचं. भलेभले गुन्हेगार ज्यांच्यापुढे चळाचळा कापत ते फौजदार बाईंपुढे मात्र हात मागे बांधून उभे राहत.

ती गावाबाहेरच्या उतारावर नेहमीच्या बाकावर बसली होती. समोर हिरव्या तारेचं कुंपण होतं, आत कमरेएवढं गवत आणि त्यातून कशीबशी मान वर काढणारी जांभळी फुलं. रक्त नाही, प्रेत नाही. फाटकाजवळून जाताना तारेच्या टोकात फौजदारांची बाही टर्रकन फाटली, हिंसाचार म्हणावा तर तेवढाच.

"कोण मेलं?"

"सगळी," ताई म्हणाली. "उतारनिळी."

फुलपाखरातलं फौजदारांना एवढंच कळे की ते फुलावर बसतं आणि पकडायला गेलं की उडतं. पण उतारनिळी ही ताईची जन्माची ठेव होती हे त्यांना ठाऊक होतं. हे फुलपाखरू इथलंच, याच उताराचं. दुसरीकडे कुठे आहे असं कधी कुणाला आढळलं नव्हतं. शेजारच्या खाणीने हा उतार मागितला होता आणि केवळ या नखाएवढ्या निळ्या जिवापायी सरकारने ती मागणी लटकत ठेवली होती. परवा समिती पाहणीला येणार होती. फुलपाखरू दिसलं तर उतार राखीव, नाही तर सुरुंग.

"हा तिचा उडायचा हंगाम आहे, आणि एक दिसत नाही. गेल्या वर्षी चार-दोन होत्या. कुणीतरी विष मारलंय रे. तू शोध."

"हवा थंड असेल. येतील."

"मला शिकवू नकोस," ताई म्हणाली, आणि मग तिनेच त्यांना शिकवलं. निळी फुलपाखरं पुष्कळ असतात. वरून सगळी सारखीच. पंख मिटले की खरी ओळख पटते. उतारनिळीच्या पंखाची खालची बाजू राखी, त्यावर काळ्या ठिपक्यांची रांग आणि पंखाच्या मुळाशी आकाशी रंगाचा पुसट हात फिरवलेला. घरोघरच्या बागेत दिसते ती बागनिळी. तिच्या पंखाच्या कडेला नारिंगी ठिपके असतात.

"आणखी एक गोष्ट सांगते. मी ही वर्गातसुद्धा कधी सांगितली नाही, नाहीतर पोरांनी वारुळं उकरली असती." ताईने आवाज खाली आणला. "हिची अंडी त्या जांभळ्या फुलांवर असतात. अळी थोडी मोठी झाली की खाली पडते. तांबड्या मुंग्या तिला आपलंच पोर समजून वारुळात उचलून नेतात. तिथे ती मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते आणि पुढच्या हंगामात पंख घेऊन बाहेर येते. मुंग्या शेवटपर्यंत तिचे लाड करतात. इतक्या खुळ्या!"

"त्या मुंग्या आहेत ना अजून?"

"आहेत की. गेल्या आठवड्यातच फाटकाशी तांबडी रांग पाहिली. माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून डोळेही गेले असं समजू नकोस."

फौजदार सवयीप्रमाणे आत शिरून गवतात बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि उठले. ऊन डोक्यावर आलं होतं, तरी त्यांच्या पँटची मागची बाजू चिंब झाली होती. ताई त्या सबंध दिवसात तेवढी एकदाच हसली.

"संशय कुणावर आहे?" त्यांनी पँट झटकत विचारलं.

"तिघांवर. आणि तिघांपैकी कुणालाही फाशी झाली तरी मला वाईट वाटणार नाही."

२

पहिला होता औषधवाला. पेठेत त्याचं दुकान होतं. खोकल्याच्या बाटल्यांमागे भिंतीवर काचेच्या पेट्या होत्या आणि पेट्यांत टाचण्या टोचलेली फुलपाखरं. ताई त्याला 'जल्लाद' म्हणायची.

"बाईंनी पाठवलं ना?" फौजदारांना पाहताच तो म्हणाला. "मला वाटलंच. गावात माशी मेली तरी माझंच नाव."

"माशी नाही मेली. पेटी दाखव."

त्याने कुरकुरत पेटी उतरवली. उतारनिळ्यांच्या रांगा होत्या. दर वर्षाची एक रांग, आणि रांगेत दोन. एक उताणी, एक पालथी. शेजारी ओळखीसाठी एक बागनिळी होती. फौजदारांनी भिंग लावून पाहिलं. नारिंगी ठिपके स्पष्ट दिसत होते. ताईचा धडा पाठ झाला.

"दरसाल दोन, जास्त नाही," औषधवाला म्हणाला. "बाईंनी कुंपण घातलं आणि मला बंदी केली. खोटं कशाला बोलू, मी बाहेर उभा राहून लांब दांड्याचं जाळं आत घालायचो. त्या वर्षी दोन मिळाल्या. पुढच्या वर्षी एकच मिळाली. नंतर हे बघा."

पेटीच्या तळाशी रिकाम्या टाचण्या होत्या. एकाखाली एक, सरळ रेषेत टोचून ठेवलेल्या.

"हे कशाला?"

"आशा, दुसरं काय." तो ओशाळला. "दर हंगामात दोन टाचण्या टोचून ठेवतो. मारेकरी मी असतो तर त्या रिकाम्या राहिल्या असत्या का?"

बोलणं बिनतोड होतं. "मुंग्यांचं काही माहीत आहे?" फौजदारांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"दुकानात साखरेच्या गोळ्यांना लागतात तेवढं. मी पंख जमवतो, साहेब. बाकी भानगडीत पडत नाही."

फौजदार पायऱ्या उतरले ते मान खाली घालूनच. कुंपण घालेपर्यंत पेटी भरलेली होती, कुंपणानंतर ती रिकामी होत गेली. म्हणजे जे काही घडलं ते कुंपणाच्या आत घडलं होतं. आणि त्या फाटकाची किल्ली सबंध गावात एकाच माणसाकडे होती. ती ताईच्या पदराला असायची.

३

मेंढपाळ उतारापलीकडच्या चिंचोळ्या पट्टीत सापडला. एका अंगाला ताईचं कुंपण, दुसऱ्या अंगाला खाण, मधे जेमतेम दोन बैलगाड्या जातील एवढी जमीन आणि तिच्यावर त्याची मेंढरं. कुंपणाने त्याचं कुरण गिळलं होतं आणि तो ते विसरला नव्हता.

"विचारा काय विचारायचं ते," तो आधीच तावात म्हणाला. "बाईंनी माझं रान नेलं. मी शिव्या दिल्या. अजून देतो. शिव्यांनी पाखरं मरतात का?"

"विषाने मरतात."

"मग माझी मेंढरं आधी मेली असती. ती याच उताराचं पाणी पितात."

फौजदार त्याच्या शेजारी जमिनीवर टेकले आणि लगेच अर्धे उठले. मेंढरांनी गवत मुळाशी कुरतडून ठेवलं होतं. उघडी माती तव्यासारखी तापली होती, आणि वर मुंग्या कडकडून चावल्या. मेंढपाळाला मोठा आनंद झाला.

"चावतात हो. इथल्या भारी चावऱ्या."

"तू आत कधी शिरला होतास?"

"तार बघा की."

फौजदारांनी तार पाहिली. मेंढरं अंग घासत होती त्या बाहेरच्या बाजूला लोकरीचे पुंजकेच पुंजके होते. आतल्या बाजूला एक केस नव्हता. तार कुठे कापलेली नाही, वाकवलेली नाही. या माणसाने गुन्हा केला असेल तर तो फक्त जिभेने.

"पूर्वी माझी मेंढरं चरायची ना," मेंढपाळ स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तेव्हा पाऊल टाकलं की निळं निळं उठायचं. मला त्याचा वैताग यायचा. आता कुंपणाला कंटाळून गेली असतील. ज्याने बाईंना ती तार दिली त्याचं वाटोळं होवो."

"कुणी दिली?"

"कुणाला ठाऊक! ट्रक आला, भेंडोळी टाकली आणि गेला. नाव नाही, गाव नाही. बाई आठवडाभर रडत होत्या, जगात चांगली माणसं आहेत म्हणून."

हे फौजदारांना आठवत होतं. ताईने त्या अनोळखी दात्यासाठी फाटकावर 'आभार' अशी पाटीसुद्धा लावली होती. त्यांनी फाटक्या बाहीवरून हात फिरवला. चांगली जाड तार, हिरवा लेप, टोकाला दुहेरी पीळ. गावच्या बाजारात असली तार मिळत नाही. ते उठले, मुंग्या झटकल्या आणि त्यांची नजर समोर खाणीच्या आवारात गेली.

तिथे शेडखाली तशाच हिरव्या तारेची भेंडोळी रचून ठेवलेली होती.

४

खाणमालकाने स्वतः उठून खुर्ची पुढे केली. पंखा लावला, पाणी मागवलं, ताईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. फौजदारांच्या अनुभवात इतकी साखर पेरणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा असतो किंवा गुन्ह्यात अडकलेला असतो.

"फुलपाखरू दिसत नाही असं कानावर आलं," मालक हळहळला. "फार वाईट झालं."

"तुमच्या पथ्यावरच पडलं की."

"तसं म्हणा. पण मी विष मारीन? माती तपासली की दोन दिवसांत गजाआड जाईन. फौजदारसाहेब, धंदा करणारा माणूस घाई करत नाही. मी नुसता थांबलो." त्याने हात जोडले. "निसर्गच आहे शेवटी. मुंग्याच उरल्या नाहीत तर त्या बिचाऱ्या किड्याला सांभाळणार कोण?"

पंखा गरगरत होता. फौजदार पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता थांबले.

"मुंग्यांचं मी कुठे बोललो?"

मालक सावकाश हसला. पकडला गेलेला माणूस असा हसत नाही, हे फौजदारांना चांगलं कळत होतं.

"बोलला नाहीत खरे. खाणीचा अर्ज करायच्या आधी मी एक तज्ज्ञ बोलावला होता. मोठा विद्वान माणूस. तो म्हणाला, उताराचं गवत मेंढ्या खातात म्हणून जमीन तापते. तापलेल्या जमिनीतच त्या विशिष्ट मुंग्या राहतात. चराई तेवढी थांबू देऊ नका, थांबली तर मुंग्या जातील आणि मागोमाग फुलपाखरू जाईल. मी लक्षात ठेवलं. त्याच सुमारास तुमच्या ताई मेंढ्या फुलं खातात म्हणून कुंपणासाठी दारोदार फिरत होत्या."

"आणि तुम्ही तार दिलीत."

"दानाचा गाजावाजा करू नये म्हणतात."

फौजदारांनी जन्मभर चोर, दरोडेखोर, सुपारी घेणारे पाहिले होते. केसाने गळा कापणारा इतक्या शांतपणे पंख्याखाली बसलेला त्यांनी प्रथमच पाहिला.

"कुठलं कलम लावणार?" मालकाने आदबीने विचारलं. "शाळेतल्या बाईंना कुंपणाला तार दिली, याला शिक्षा आहे का? पाणी घ्या ना. आणि एक लक्षात घ्या, कुंपण मी घातलेलं नाही."

५

घरी जाण्याआधी फौजदारांनी पानाच्या ठेल्यावरून दोन काड्यापेट्या घेतल्या आणि काड्या रस्त्यातच ओतून टाकल्या. एका पेटीत तारेखालून हात घालून कुंपणाच्या आतल्या मुंग्या घेतल्या, दुसरीत मेंढरांच्या पट्टीतल्या. दुसऱ्या पेटीसाठी त्यांना बरेच चावे सोसावे लागले.

मालक खोटं बोलत असेल, अशी एक चिवट आशा त्यांच्या मनात होती. दोन्ही पेट्यांत तांबड्याच मुंग्या होत्या. साध्या डोळ्यांना सारख्याच दिसत होत्या.

ताई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. "कोण निघाला?" तिने मान वर न करता विचारलं. "औषधवाला ना?"

इथे फौजदारांचं धैर्य खचलं. येताना वाटेत त्यांनी एक खोटं रचून ठेवलं होतं. खाणवाल्याने विष मारलं, पुरावा नाही, विषय संपला. ताई खाणवाल्याला शिव्या देत मेली असती, पण सुखाने मेली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, एवढं खोटं देवही माफ करील. त्यांनी तोंड उघडलं.

"खिशात काय आहे?" ताई म्हणाली. लहानपणी चिंचा चोरल्या तरी ती असंच विचारायची. खिशाची गोष्ट तिच्यापासून कधी लपली नव्हती.

त्यांनी पेट्या ओट्यावर ठेवल्या. "ही आतली. ही बाहेरच्या पट्टीतली."

तिने शेंगा बाजूला सारल्या, भिंग आणलं आणि आधी बाहेरची पेटी पाहिली. चेहरा उजळला. "ह्याच! बघ कशा खणखणीत आहेत. ह्याच पाळतात तिला." मग आतली पेटी पाहिली. भिंग एकदा पुसलं, पुन्हा लावलं. बराच वेळ ती त्या पेटीवर वाकून राहिली.

"ह्या त्या नाहीत," ती म्हणाली. "ह्या थंड जमिनीतल्या. ह्यांच्या वारुळात अळी नेली तर ती मरते. धाकट्या, ह्या तू नक्की आतूनच आणल्यास?"

"हो."

"आत जमीन थंड कशी असेल? उतार आहे, दिवसभर ऊन..."

ती बोलता बोलता थांबली. फौजदारांनी काही सांगायची गरजच नव्हती. जन्मभर पोरांना अनुमान काढायला शिकवलेल्या बाईला आपलं अनुमान आपणच काढावं लागत होतं आणि भावाला ते नुसतं बघत बसावं लागत होतं.

"माझी पँट भिजली होती, तू हसलीस," ते शेवटी हळूच म्हणाले.

"गवत," ताई म्हणाली. "मेंढ्या बाहेर काढल्या. गवत वाढलं. ऊन मातीला लागेना. फुलं राहिली कुंपणाच्या आत आणि मुंग्या गेल्या बाहेर. आणि मी बाकावर बसून फुलं मोजत राहिले." तिने पेटी हलक्या हाताने मिटली. "मी मारलं रे."

"तार खाणवाल्याने दिली होती. जाणूनबुजून. त्याला सगळं माहीत होतं."

त्यांना वाटलं होतं, निदान ती चिडेल. ती चिडली नाही.

"त्याने दिली. पण घातली कुणी?" ती म्हणाली. "मुंग्यांना मी जन्मभर खुळ्या म्हणत होते, आपल्याच पिल्लांच्या वैऱ्याला उचलून घरात नेतात म्हणून. आणि मी त्या तारेसाठी आभाराची पाटी लावली."

मग ती रडली. फौजदारांनी तिला आईच्या वेळीही इतकं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून ते उरलेल्या शेंगा सोलत बसले.

"कुंपण काढलं तर?" त्यांनी काही वेळाने विचारलं.

"मुंग्या परततील. काही वर्षांनी." तिने डोळे पुसले. "ती कुठून परतणार? दुसरीकडे कुठे असती तर आली असती." आणि मग, सवयीने म्हणा की हट्टाने, ती म्हणाली, "पक्कड आहे का घरात?"

६

समिती आली तेव्हा अर्धं कुंपण जमिनीवर पडलं होतं आणि मेंढरं आत शिरली होती. म्हणजे बैल गेला नि झोपा केला, पण मेंढरांना म्हणी कुठे कळतात. ती मन लावून चरत होती. मेंढपाळ खुशीत उभा होता. औषधवालाही दुकान बंद करून आला होता, जाळं न आणता. खाणमालक समितीच्या गाडीतूनच उतरला.

समितीचे अधिकारी भले गृहस्थ होते. उन्हात घाम पुसत त्यांनी सगळा उतार पायाखाली घातला, प्रत्येक फुलापाशी वाकून पाहिलं. "बाई, मला हा उतार राखायचाय," ते खरोखरच कळवळून म्हणाले. "मला एक दाखवा. फक्त एक."

आणि नेमकं तेव्हाच ते आलं. गवतावरून हेलकावत, निळं, नखाएवढं. सगळे जागच्या जागी थिजले. फुलपाखरू ताईच्या काठीच्या मुठीवर बसलं आणि त्याने पंख मिटले.

फौजदार सगळ्यांत जवळ होते. त्यांनी पाहिलं. राखी रंग, काळे ठिपके, आणि कडेला नारिंगी ठिपक्यांची ओळ. गावातल्या कुणाच्या तरी बागेतून चुकून आलेली बागनिळी.

अधिकाऱ्यांना ओळख नव्हती. त्यांचा चेहरा पोरासारखा फुलला होता. "हेच का ते?"

औषधवाल्याने मान वळवून दुसरीकडे पाहिलं. मूग गिळून बसायला तो तयार होता. खाणमालक बराच मागे होता, त्याला पंखाची कड दिसली नसती. एक शब्द पुरे होता. ताई काठी स्थिर धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून.

"हो," फौजदार म्हणाले. उभ्या नोकरीत खोटी साक्ष न दिलेला माणूस बोलला. "हेच."

"नाही," ताई म्हणाली.

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पाढा चुकला की ज्या आवाजात ती त्यांना दुरुस्त करायची त्याच आवाजात ती बोलली. "कडेला नारिंगी ठिपके आहेत. ही बागनिळी. उतारनिळी आता इथे नाही. कुठेच नाही."

अधिकारी क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि गाडीकडे वळले. फुलपाखरू उडालं. खाणमालकाने आपल्या माणसांना खूण केली आणि ते पडलेली तार गुंडाळू लागले. चांगली तार होती, खाणीला लागणारच होती.

सगळे गेल्यावर भाऊ-बहीण गवतातच बसले. बाकाकडे जायचं त्राण ताईत उरलं नव्हतं.

"एक 'हो' म्हटलं असतं," फौजदार म्हणाले. त्यांचा आवाज चिडका होता आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. "उतार तरी राहिला असता."

"तिचा जीव माझ्या हातून गेला," ताई म्हणाली. "आता तिचं नावही दुसऱ्या कुणाला देऊ?"

पलीकडे मोजमापाच्या खुंट्या ठोकण्याचा आवाज सुरू झाला. मेंढपाळाने मेंढरं हाकली. ऊन बरंच खाली आलं तेव्हा त्यांनी ताईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. दोघांचेही कपडे मागून ओले झाले होते.